जीडॅलभोवतीचं रॅपर नीट लावताना: नागपुरातल्या एका टीमचं प्रकरण

नागपुरात नकाशांवर काम करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर टीम बऱ्याच आहेत आणि त्यात नवल काही नाही, कारण राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र इथे, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो अमरावती रोडवर, भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, वेस्टर्न कोलफील्ड्सचंही इथेच. माती, खाणी, जंगल, शेती, सगळ्याचा नकाशा कोणाला तरी लागतोच. ज्या टीमबद्दल लिहितोय ती आयटी पार्काच्या भागातली, माणसं मोजकी, आणि त्यांचं मुख्य काम काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा सॅटेलाइट इमेजवरून ओळखून गावनिहाय क्षेत्रफळ काढायचं. मी त्यांच्यासोबत त्या सॉफ्टवेअरच्या एकाच भागावर काम केलं, जीडॅल या नकाशांच्या लायब्ररीच्या रॅपरवर, म्हणजे तिच्याभोवती गुंडाळलेल्या आणि तिला हाक मारणाऱ्या कोडवर, आणि त्यात जे ठरवलं गेलं ते सविस्तर लिहावंसं वाटलं कारण कुठल्याही मोठ्या सी लायब्ररीभोवती रॅपर बांधताना हेच प्रश्न पुन्हा येतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीडॅल ही रास्टर (पिक्सेलचे) आणि व्हेक्टर (बिंदू-रेषांचे) नकाशे वाचायची-लिहायची ओपन सोर्स लायब्ररी, १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी सुरू केलेली, आणि आज जीआयएसमधलं, म्हणजे नकाशांच्या कामातलं, जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर आतून तिलाच हाक मारतं. आत सगळं सी प्लस प्लस आहे पण बाहेरच्या भाषांसाठी त्यावर सी चा इंटरफेस दिलाय, कारण सी प्लस प्लसचा बायनरी इंटरफेस कंपायलर बदलला की बदलतो, सी चा टिकतो. हा इंटरफेस म्हणजे शेकडो फंक्शन. रास्टरची जीडॅल नावाने सुरू होणारी, व्हेक्टरची ओजीआर, कोऑर्डिनेट सिस्टिमची ओएसआर, आणि मेमरी, एरर, स्ट्रिंग, फाइल असल्या किरकोळ कामांची सीपीएल आणि व्हीएसआय.

टीमचं सॉफ्टवेअर सी शार्पमध्ये. सुरुवातीला कोणीतरी एक स्टॅटिक क्लास केला, त्यात लागेल तसं एकेक डीएलएल-इम्पोर्ट, म्हणजे सी चं फंक्शन सी शार्पमधून बोलवायचं डिक्लेरेशन, टाकत गेले आणि काही वर्षांत ती फाइल इतकी मोठी झाली की एडिटरमध्ये उघडली की स्क्रोल करत बसायचं. काही फंक्शन दोनदा डिक्लेअर केलेली, एकदा इंट घेऊन आणि एकदा लाँग घेऊन. बरीचशी कधीच न वापरलेली, कोणीतरी हेडरमधून पानंच्या पानं कॉपी केलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंटपॉइंटर, म्हणजे मेमरीचा कच्चा पत्ता, थेट स्क्रीनच्या कोडपर्यंत पोचलेला, बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये जीडॅल-ओपन, खाली कुठेतरी जीडॅल-क्लोज, आणि मधे एक्सेप्शन आलं तर क्लोज राहिलं ते राहिलंच.

लोक पहिला प्रश्न विचारतात की जीडॅलसोबत सी शार्पचं तयार बाइंडिंग येतं, स्विग नावाच्या टूलने बनवलेलं, मग ते का नाही घेतलं. प्रश्न एकदम रास्त आहे. नवं प्रोजेक्ट असतं तर मी तेच घ्या म्हटलं असतं. पण यांचा इमेज क्लासिफाय करायचा भाग यांनी स्वतः सी मध्ये लिहिलेला होता, तो जीडॅलचे हँडल, म्हणजे उघडलेल्या वस्तूंचे पॉइंटर, सरळ हातात घेऊन चालायचा, आणि एकाच हँडलवर एकीकडे तयार बाइंडिंगचा हक्क आणि दुसरीकडे आपला, असं झालं की कोण कधी काय बंद करेल याचा पत्ता लागत नाही. म्हणून रॅपर आपलंच ठेवायचं पण नीट लावायचं, असं ठरलं.

काम सुरू व्हायला निमित्त झालं एका क्रॅशचं. पूर्ण जिल्ह्याचा रन लावला की मधेच कुठेतरी प्रोग्राम उडायचा, रोज वेगळ्या ठिकाणी. टीममधली एक ज्युनियर मुलगी त्यावर बसली होती. ती म्हणाली, "सर, डिबगमध्ये मस्त चालून राहिलं, रिलीजमध्येच उडून राहिलं." डिबग म्हणजे चुका शोधायला केलेलं बिल्ड, रिलीज म्हणजे प्रत्यक्ष वापरायचं. टीमच्या लीडने विचारलं लॉग काय म्हणते, तर लॉग काहीच म्हणत नव्हता, अॅक्सेस व्हायोलेशन आणि खेळ खल्लास, कारण नव्या डॉटनेटमध्ये ते एक्सेप्शन पकडताच येत नाही, प्रोसेसच मरते.

तिने जे शोधून काढलं ते मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोड असा होता की डेटासेट (इमेजची फाइल) उघडायचा, त्यातून बँड (तिच्यातला एक रंगपट्टा) घ्यायचा, आणि मग लूपमध्ये बँडवरून तुकडे वाचायचे. सेंटिनेल-२ सॅटेलाइटची एक टाइल, म्हणजे इमेजचा ठरलेला चौकोन, १० मीटरच्या बँडमध्ये १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलची असते, म्हणजे लूप चांगला लांब चालतो. इथे डेटासेटला वेगळा क्लास होता, त्याला फायनलायझर, म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीतून काढताना आपोआप चालणारं फंक्शन, आणि त्यात जीडॅल-क्लोज. आता रिलीज बिल्डमध्ये कंपायलर बघतो की बँड घेतल्यानंतर डेटासेट हा व्हेरिएबल पुढे कुठेच वापरला नाही, म्हणजे त्याचं काम संपलं, आणि नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर आला की तो डेटासेट उचलतो, फायनलायझर चालतो, फाइल बंद होते, आणि त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडवर बँडवरून वाचन चालूच असतं. बँड म्हणजे डेटासेटच्या घरातली भाड्याची खोली, घर पाडलं की खोली कुठून राहणार. डिबग बिल्डमध्ये लोकल व्हेरिएबल फंक्शन संपेपर्यंत जिवंत ठेवतात, म्हणून तिथे कधीच दिसलं नाही. छोट्या इमेजवर गार्बेज कलेक्टरला यायची वेळच येत नाही, म्हणून टेस्टमध्येही नाही.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो, लूपच्या शेवटी कीप-अलाइव्ह टाका, म्हणजे इथपर्यंत डेटासेट जिवंत ठेव असं सांगा. टाकलं, थांबलं. पण असे लूप किती ठिकाणी आहेत आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या पोराला हे कोण सांगणार? माझं म्हणणं इथूनच सुरू झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं: या लायब्ररीची मांडणी कोणता पॉइंटर कोणाच्या मालकीचा यावरून व्हायला पाहिजे. फंक्शनच्या नावावरून किंवा हेडरच्या क्रमावरून केलेली मांडणी दिसायला छान दिसते पण प्रोग्राम उडतो तो मालकीच्या गोंधळाने.

म्हणून कोडच्या एका ओळीला हात लावायच्या आधी एक साधी शीट केली. सॉफ्टवेअरमध्ये खरोखर वापरात असलेली फंक्शन ग्रेप करून, म्हणजे कोडमध्ये नावं शोधून, काढली, आणि शेकड्यांतून खरी लागणारी थोडकीच निघाली, हे बघून सगळ्यांनाच जरा हायसं वाटलं. मग प्रत्येकासमोर लिहायचं की हे जे परत देतं ते सोडायची जबाबदारी कोणाची. जीडॅलचं डॉक्युमेंटेशन याबाबतीत चांगलं आहे, बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, पण वाचावं लागतं, एकेक फंक्शन उघडून. ओजीआरच्या लेयरमधून पुढचं फीचर (नकाशातली एक वस्तू) घेतलं की ते आपलं, आपणच डिस्ट्रॉय करायचं. त्या फीचरची जॉमेट्री (आकार) रेफरन्स म्हणून घेतली की ती फीचरचीच, हात लावायचा नाही. डेटासेटचं प्रोजेक्शन मागितलं की मिळणारी स्ट्रिंग लायब्ररीच्या आतली, फ्री केली तर गडबड, पण तीच कोऑर्डिनेट सिस्टिम डब्ल्यूकेटी या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट केली की मिळणारी स्ट्रिंग आपल्याला दिलेली, सीपीएलच्या फ्रीनेच सोडायची, सी शार्पच्या स्वतःच्या मेमरी फंक्शनने नाही. दोन्ही ठिकाणी दिसायला कॅरॅक्टर पॉइंटरच. डिक्लेरेशनकडे बघून हा फरक कळत नाही, कुठलंही टूल तो आपोआप सांगू शकत नाही, तो माणसानेच वाचून लिहायचा असतो आणि म्हणून मला वाटतं ही शीटच सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

आणखी एक जात असते, जिथे आपण दिलेली वस्तू लायब्ररी ताब्यात घेते. फीचरला जॉमेट्री द्यायची दोन फंक्शन आहेत, एक कॉपी करून घेतं आणि एक डायरेक्टली नावाचं, ते आपला पॉइंटरच गिळतं. आम्ही डायरेक्टलीवाली सगळी यादीतून काढूनच टाकली. कॉपीचा थोडा खर्च पडतो, पडू दे, गावाची सीमा म्हणजे काही हजार बिंदू, त्या कॉपीने कोणाचं काही अडत नाही. लीडला परफॉर्मन्सची काळजी होती पण मोजून बघितल्यावर तो मुद्दा त्यानेच सोडला.

मग थर पाडले. सगळ्यात खालचा थर कच्चा. त्यात फक्त डिक्लेरेशन, एकही इफ नाही, एकही एक्सेप्शन नाही, आणि नावं जशी सी मध्ये आहेत तशीच, अंडरस्कोरसकट. यावर चांगला वाद झाला. सीनियर डेव्हलपरचं म्हणणं, "आपण सी शार्प लिहून राहिलो न भाऊ, मग नावं सी शार्पसारखी का नाही ठेवायची?" माझं उत्तर एवढंच की या थरातलं नाव उचलून डॉक्युमेंटेशनमध्ये टाकलं की सरळ ते पान उघडलं पाहिजे, जीडॅलच्या सोर्समध्ये शोधलं की तिथेच पोचलं पाहिजे. सुंदर नावं वरच्या थरात देऊ, तिथे ती शोभतात. रस्टवाल्यांकडे हे रूढच आहे, कच्च्या डिक्लेरेशनचं वेगळं क्रेट (रस्टमधलं पॅकेज) आणि त्याच्या नावाला सिस जोडायचं, त्यावर सुरक्षित रॅपर दुसऱ्या क्रेटमध्ये. हेडरप्रमाणे फाइल पाडल्या, एका हेडरची एक फाइल, आणि सगळा थर इंटर्नल केला, वेगळ्या असेंब्लीत, म्हणजे स्क्रीन लिहिणाऱ्याला तो दिसणारच नाही. नियम सांगून पाळले जात नाहीत, कंपायलरने अडवलं की पाळले जातात.

हा थर हाताने लिहायचा की जनरेट करायचा? जनरेट करायचा, पण सगळा नाही. क्लँग-शार्पचा जनरेटर हेडर वाचून सी शार्प काढून देतो, त्याला आम्ही फक्त शीटमधल्या फंक्शनची यादी दिली. आणि निघालेली फाइल गिटमध्ये कमिट करायची. जनरेट झालेला कोड गिटमध्ये कशाला, असं बरेच जण म्हणतात, पण त्याचा फायदा जीडॅल अपग्रेड करताना दिसला. जीडॅल-क्लोज हे फंक्शन आधी काहीच परत देत नव्हतं, ३.७ पासून ते एरर कोड देतं. हाताने लिहिलेल्या जुन्या फाइलीत हे कोणालाच कळलं नसतं, कारण परत आलेली व्हॅल्यू घेतली नाही तरी प्रोग्राम आपला चालतो. जनरेट केलेल्या फाइलीचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, रिव्ह्यूला आला आणि ती एक ओळ लाल-हिरवी होऊन समोर उभी राहिली. आणि ती ओळ महत्त्वाची आहे, कारण लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद होतानाच उरलेला डेटा डिस्कवर जातो, डिस्क भरलेली असेल तर तिथेच कळणार. जुन्या फाइलीतली दुसरी गोष्ट याच जातीची, फीचरचा आयडी इंट म्हणून डिक्लेअर केलेला, आणि जीडॅल २.० पासून तो ६४ बिटचा आहे. आकडे लहान असले की सगळं बरोबर दिसतं.

मधला थर म्हणजे खरं रॅपर, आणि तो मुद्दाम बारीक ठेवला. त्याची कामं चारच, मालकी, एरर, स्ट्रिंग आणि कोऑर्डिनेटचा क्रम. मालकीसाठी आपल्या ताब्यातल्या प्रत्येक हँडलला सेफ-हँडलचा क्लास, तो डॉटनेटमध्ये २००५ पासून आहे आणि त्याचं वैशिष्ट्य हे की नेटिव्ह कॉल चालू असताना तो हँडल सुटू देत नाही. बँड, लेयर, रेफरन्स जॉमेट्री यांना मात्र सेफ-हँडल नाही, कारण ती आपली नाहीतच. त्यांचा क्लास पालकाचा सेफ-हँडल धरून ठेवतो आणि प्रत्येक कॉलच्या आधी पालकाच्याच वापराचा काउंट वाढवतो, कॉल संपला की कमी करतो. म्हणजे तो रिलीजमधला क्रॅश आता लिहू म्हटलं तरी लिहिता येत नाही. लिहिण्यासाठी उघडलेल्या डेटासेटला मात्र हाताने क्लोज करावंच लागतं, फायनलायझरवर सोडलं तर एरर सांगायला कोणी उरत नाही, म्हणून तसं राहून गेलं तर लॉगमध्ये ठळक ओळ येते.

एररचं प्रकरण दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. जीडॅल नल किंवा एरर कोड देतं आणि मेसेज बाजूला ठेवतं, तो मागच्या एररच्या फंक्शनने वाचायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हा मेसेज थ्रेडपुरता असतो, आणि पुढचा कॉल यशस्वी झाला म्हणून तो पुसला जात नाही. पहिल्यामुळे अवेटच्या, म्हणजे एखादं काम पूर्ण व्हायची वाट बघायच्या जागेच्या, पलीकडे जाऊन मेसेज वाचला तर तोपर्यंत आपण दुसऱ्याच थ्रेडवर असू शकतो आणि रिकामी स्ट्रिंग हातात येते. दुसऱ्यामुळे मागच्या फाइलीचा एरर या फाइलीच्या नावावर दिसतो. टीमच्या जुन्या लॉगमध्ये नरखेडच्या फाइलीचे एरर काटोलच्या नावावर लागलेले सापडले, आणि इतके दिवस लोक बरोबर असलेल्या फाइली पुन्हा पुन्हा तपासून राहिले होते! आता प्रत्येक कॉल एकाच फंक्शनमधून जातो, आधी रिसेट, मग कॉल, मग त्याच थ्रेडवर लगेच तपासणी. एरर हँडलरचा कॉलबॅक लावला आहे पण तो फक्त मेसेज गोळा करतो, आतून एक्सेप्शन फेकत नाही, नेटिव्ह कोडच्या फ्रेम ओलांडून एक्सेप्शन जाऊ देणं म्हणजे क्रॅशला आमंत्रण. आणि त्या कॉलबॅकचा डेलिगेट (सी शार्पमधला फंक्शनचा ऑब्जेक्ट) स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवलाय, नाहीतर तोही गार्बेज कलेक्टर उचलतो.

स्ट्रिंगबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको खरं तर. जीडॅल फाइलचं नाव यूटीएफ-८ मध्ये मागतं, आणि डीएलएल-इम्पोर्टला काही सांगितलं नाही तर विंडोजवर तो सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमध्ये नाव पाठवतो, तिथे देवनागरी बसत नाही, प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि फाइल सापडत नाही. तालुक्याहून येणाऱ्या फाइलींची नावं देवनागरीत असणं अगदी साहजिक आहे. टीमने काय केलं होतं तर फाइल आधी टेम्प फोल्डरमध्ये इंग्रजी नावाने कॉपी करायची आणि मग उघडायची, आणि शेपफाइल (व्हेक्टर नकाशाचा फॉरमॅट) म्हणजे एक फाइल नसते, सोबत डीबीएफ, एसएचएक्स, पीआरजे, सीपीजी सगळं हलवावं लागतं. सीपीजी राहून गेली की आतल्या गावांच्या नावांचं एन्कोडिंग काय ते नीट कळणं अवघड. मला मनापासून वाटतं की आपल्या भाषेतलं फाइलचं नाव चालत नाही म्हणून लोकांना नाव बदलायला लावणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरला शोभत नाही, आणि इथे तर दुरुस्ती एका सेटिंगची होती. कच्च्या थरात सगळीकडे यूटीएफ-८, परत येणाऱ्या स्ट्रिंगही तशाच वाचायच्या, आणि टेम्पवाला सगळा कोड काढून टाकला.

कोऑर्डिनेटचा क्रम ही जीडॅल ३.० ची देणगी, २०१९ ची. त्याआधी ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये पहिला आकडा रेखांश असायचा. ३.० पासून त्या व्याख्येत जो अधिकृत क्रम आहे तोच मानतात, म्हणजे आधी अक्षांश. नियम म्हणून बरोबरच आहे, पण जुना कोड ७९ आणि २१ असे आकडे देत असतो आणि ते आता ७९ उत्तर, २१ पूर्व असे वाचले जातात, म्हणजे नागपूर थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या भागात जातं. जुना क्रम हवा असेल तर तसं सांगायचं फंक्शन जीडॅलने दिलंय, पण ते प्रत्येक कोऑर्डिनेट सिस्टिम ऑब्जेक्टवर सांगावं लागतं, आणि एका ठिकाणी विसरलं की संपलं. म्हणून रॅपरमध्ये ऑब्जेक्ट बनवायची जागा एकच ठेवली, कन्स्ट्रक्टर बंद, आणि त्या एका जागी क्रम ठरतो. टेस्टसाठी झिरो माइलचा बिंदू घेतला, रेखांश ७९.०८, अक्षांश २१.१५, तो यूटीएम या मीटरमधल्या कोऑर्डिनेट सिस्टिमच्या झोन ४४ मध्ये न्यायचा आणि पूर्वेचा आकडा ३ लाख मीटरच्या जवळ, उत्तरेचा २३ लाख ४० हजारांच्या जवळ येतो का बघायचं. दुसरा बिंदू अमरावतीचा, कारण ७८ अंशावर झोन बदलतो आणि अमरावती ४३ मध्ये पडते, आणि यांच्या बागा दोन्हीकडे आहेत.

वरच्या थराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तिथे गाव, बाग, टाइल असे शब्द आहेत आणि जीडॅलचं नावही येत नाही. तो टीमने स्वतःच लिहिला, आणि सीनियरला हवी होती ती सुंदर नावं तिथे आली.

जुनी फाइल एका झटक्यात काढली नाही. तिच्यावर ऑब्सोलीटचा शिक्का मारला, म्हणजे वापरलं की वॉर्निंग, आणि ज्या स्क्रीनला काही कारणाने हात लागेल ती नव्यावर आणायची. मधल्या काळात एकच ऑब्जेक्ट जुन्या आणि नव्या दोन्हींतून फिरणार नाही एवढी एक अट कडक ठेवली, नाहीतर तीच दोन मालकांची अडचण घरातच तयार झाली असती. डीएलएलचं नाव शोधायचा कोडही एका ठिकाणी आणला, कारण विंडोजच्या काही बिल्डमध्ये नावातच व्हर्जन असतं आणि लिनक्सवर वेगळंच, आणि प्रोजेक्शनची डेटाबेस फाइल कुठे आहे हेही तिथेच सांगितलं जातं.

एक प्रश्न अजून खुला आहे. एकच डेटासेट दोन थ्रेडमधून एकाच वेळी वापरता येत नाही, म्हणून आत्ता प्रत्येक थ्रेड आपला वेगळा डेटासेट उघडतो आणि रॅपरमध्ये उघडणाऱ्या थ्रेडचा नंबर लिहून ठेवलाय, दुसऱ्याने वापरला की लगेच एक्सेप्शन. जीडॅल ३.१० मध्ये फक्त वाचण्यासाठी थ्रेड-सेफ रास्टर उघडायचा नवा फ्लॅग आलाय. लीडला तो लगेच हवाय, जिल्ह्याचा रन लवकर होईल म्हणून. माझं मत असं की आधी त्यांचा सी मधला क्लासिफायर तपासावा, कारण तो तेच हँडल घेऊन आत काय काय करतो याच्या ओळी शीटमध्ये अजून भरलेल्या नाहीत. ती ज्युनियर मुलगी आत्ता त्याच ओळी भरतेय.